समोरच्या दातांतली फट लग्नाआधी बुजवावीच का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "वय २४. अमळनेर तालुक्यात राहते, शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. वरच्या समोरच्या दोन दातांत लहानपणापासून फट आहे. साखरपुडा झालाय, मार्गशीर्षात लग्न आहे. आजी म्हणते, 'भाग्यना दात शेतस, हात लावू नको.' आत्या म्हणतात, फोटोंत जन्मभर दिसेल, आताच बुजवून घे. ज्यांच्याशी लग्न ठरलंय त्यांना काही अडचण नाही. मलाही फट नकोशी नाही, पण हसताना हात आपोआप तोंडावर जातो. 'स' म्हणताना कधी शिट्टी वाजते आणि वर्गातली पोरं हसतात. दोन दातांना रबर लावलं की पंधरा दिवसांत फट जाते, असं एका रीलमध्ये पाहिलं. ते करू का? आणि भावाच्या आठ वर्षांच्या मुलीलाही अशीच फट आलीय, तिचं काय करावं?"

ताई, सगळ्यात आधी रबराबद्दल, कारण त्यात दात जाऊ शकतात. ते लावू नका. लावलं असेल तर आज काढा, आणि काढताना सापडलं नाही तर "पडलं असेल कुठेतरी" असं म्हणून सोडून देऊ नका. समोरचा दात खालच्या कडेकडे रुंद असतो आणि हिरडीकडे, तिथून मुळाकडे निमुळता होत जातो. दोन दातांभोवती अडकवलेलं रबर घट्ट होताना अरुंद भागाकडे, म्हणजे वर सरकतं आणि हिरडीखाली शिरतं. मग ते डोळ्याला दिसत नाही, एक्स-रेतही बहुधा उमटत नाही. ते आत मुळावर वर-वर चढत राहतं आणि दात धरून ठेवणारं हाड झिजवतं. फट बंद झाली म्हणून माणूस खुशीत असतो. काही आठवड्यांनी हिरडी सुजते, दात लांब दिसू लागतात, हलायला लागतात. तोवर हाड इतकं गेलेलं असतं की कधीकधी समोरचे दोन्ही दात काढावे लागतात. रबर सापडत नसेल तर त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिलंच वाक्य असं सांगा, "रबर लावलं होतं, ते मिळत नाही." हे सांगितलं नाही तर डॉक्टर हिरडीच्या साध्या आजाराचा उपचार सुरू करतील आणि रबर आतच राहील. पंधरा दिवसांत फट गेल्यासारखी दिसते, कारण दातांचे फक्त शेंडे एकमेकांकडे कलतात. मुळं जागची हलत नाहीत, त्यामुळे रबर काढल्यावर दात परत फाकतात.

आता तुमची फट. आमचं मत सरळ आहे: दात आणि हिरड्या निरोगी असतील, फट लहानपणापासून तेवढीच असेल आणि तुम्हाला ती नकोशी नसेल, तर ती तशीच ठेवा. दोन दातांत जागा असणं हा आजार नाही. जबडा थोडा मोठा आणि दात थोडे अरुंद असले की जागा उरते. कधी बाजूचे दोन छोटे दात जन्मतःच बारीक असतात किंवा येतच नाहीत. कधी वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी मांसल पट्टी जाड असते आणि दोन दातांच्या मधोमध खाली उतरलेली असते. आरशात वरचा ओठ वर ओढून पाहा. ओढताना दातांमधल्या हिरडीचा भाग पांढुरका पडला, तर तुमच्या फटीत त्या पट्टीचा वाटा आहे असं समजा. भाचीलाही तीच फट आहे, यावरून तुमच्याकडे ती घरातूनच आलेली दिसते.

फक्त 'लहानपणापासून तेवढीच' हे नुसत्या आठवणीवर सोडू नका. शाळेच्या गॅदरिंगचा किंवा कुणाच्या लग्नातला, दात दिसतील असा जुना फोटो काढा आणि आजच्या फोटोशेजारी ठेवा. फट मोजायची असेल तर जुनं एटीएम कार्ड साबणाने धुऊन त्याची कड दातांसमोर, फटीला न टेकवता धरा आणि आरशात अंदाज घ्या. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. दोन कार्डांच्या जाडीएवढी फट म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. मग एक बोट वरच्या समोरच्या दातांवर, हिरडीजवळ, हलकं टेकवा आणि दात मिटून दोन-तीनदा टकटक करा. दर वेळी बोटाखाली दात हलल्यासारखा जाणवला, तर खालचे दात वरच्यांना पुढे ढकलत असण्याची शक्यता आहे.

या तपासणीत फट वाढलेली दिसली, ब्रश करताना रक्त येत असलं, दात पुढे झुकल्यासारखे वाटले किंवा दाढ काढून ती जागा रिकामीच ठेवली असली, तर आधी हिरड्यांचा उपचार हवा. मोठ्या माणसाला पस्तिशी-चाळिशीत नव्याने फट पडते ती बहुतेक वेळा हाड झिजल्यामुळे, आणि मधुमेह, तंबाखू किंवा मिशरी असेल तर ही झीज जोरात होते. घरातल्या कुणाच्या फटीबद्दल "भाग्याची आहे" म्हणताना ती केव्हापासून आहे एवढं विचारा. तुमच्या वयाला आणि पत्रातल्या वर्णनावरून ही भीती कमी आहे. तरी लग्नाच्या गडबडीआधी एकदा दात साफ करून घ्या आणि दात व हिरडी यांच्यामधल्या खाचेची खोली मोजून मागा. टोक बोथट असलेल्या बारीक सळईने ती मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे. एकाच मतावर अवलंबून राहावंसं वाटत नसेल तर तिथेही दाखवता येईल.

आजीच्या 'भाग्यना दात'बद्दलही थोडं. हा समज फक्त आपल्याकडचा नाही. फ्रान्समध्ये अशा दातांना नशिबाचे दात म्हणतात, आणि नायजेरियातल्या योरुबा लोकांत ही फट सौंदर्याची खूण मानतात. लॉरेन हटन ही अमेरिकन मॉडेल सुरुवातीला फोटोसाठी फटीत मेण भरत असे. पुढे १९७३ मध्ये तिला एका मोठ्या सौंदर्यप्रसाधन कंपनीचा करार मिळाला तेव्हा तिची फट तशीच होती. पण फटीने भाग्य येत नाही, तसं दुर्भाग्यही येत नाही. आजीचं म्हणणं प्रेमाचं आहे म्हणून ऐका, आत्यांचं काळजीचं आहे म्हणून ऐका, आणि निर्णय तोंड ज्याचं त्याने घ्यावा. इथे ते तुमचं आहे.

फट ठेवायची म्हणजे नुसतं "ठेवली" म्हणून चालत नाही. बोलणं, सफाई आणि हसणं या तिन्हींवर थोडं काम करावं लागतं.

बोलण्यापासून सुरुवात करू, कारण तुमचा पेशाच बोलण्याचा आहे. मोबाइलवर स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा. 'सकाळ, सासू, रस्सा, शाळा, शेवभाजी, चांगलं, चमचा, जास्त, झाड' हे शब्द त्यात येऊ द्या. शिट्टी नेमकी कुठे वाजते ते कानाला कळेल. बहुतेकांची 'स'वर वाजते. काहींची 'चांगलं' आणि 'जास्त' यांतल्या दाताजवळच्या च-ज वर. कारण साधं आहे. 'स' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे येतं आणि हवेचा बारीक झोत पुढे सोडतं. तो झोत नेमका फटीतून गेला की शिट्टी. जीभ फटीत घुसत असेल तर आणखीच.

उपाय जिभेच्या जागेत आहे. टोक खाली न्या, खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला अलगद टेकवा, जिभेचा मधला भाग थोडा वर उचला, आणि मग 'स्' म्हणा. पुष्कळ लोक जन्मापासून 'स' असाच म्हणतात, आवाजात फरक पडत नाही. हवेचा जोर निम्मा करा. शिट्टी बहुतेकदा जास्त जोराने वाजते. च-ज साठी जीभ दाताच्या पाठीला न लावता अंमळ वर, हिरडीच्या उंचवट्याला लावा. सुरुवात नुसत्या 'स्'पासून, दहा वेळा. ते सफाईने आलं की 'सा, सी, सू', मग शब्द, मग वाक्यं, आणि शेवटी दुसरीच्या पुस्तकातला एक धडा मोठ्याने. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं पुरतात. इथे चूक होते ती घाईत: पहिल्याच दिवशी वाक्यांवर उडी मारली की जीभ जुन्या जागी परत जाते आणि मग "हे काही जमत नाही" असं वाटतं. एकेक पायरी दोन-तीन दिवस धरा. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा रेकॉर्ड करून पहिल्याशी ताडून पाहा. तरी शिट्टी राहिली तर वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. जिभेची सवय त्यांना लवकर पकडता येते.

वर्गातल्या पोरांना मात्र आत्ताच सांगून टाका. "बाईंच्या दातांत जागा आहे म्हणून कधी शिट्टी वाजते. तुमच्यात कोणाकोणाचे दात पडलेत, दाखवा बरं." दुसरीच्या वर्गात निम्म्यांचे समोरचे दात पडलेले किंवा अर्धवट आलेले असतात. त्यांच्यासाठी यात लपवण्यासारखं काही उरत नाही.

सफाई सोपी आहे, कारण मोकळ्या फटीत अन्न अडकून राहण्यापेक्षा निघून जाण्याची शक्यता जास्त. त्रास होतो तो अगदी बारीक फटीत. तरी भरताचा सीझन आला की वांग्याच्या बिया, कांद्याची पात, कोथिंबीर दातांशी चिकटून दिसणारच. जेवणानंतर चूळ भरा, जीभ आतून फिरवा, एवढ्याने बरंचसं जातं. सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी किंवा टूथपिक घालू नका. दातांमधली हिरडीची टोकदार कळी एकदा खचली की सहसा परत भरून येत नाही. तिथे काळा त्रिकोण दिसायला लागतो आणि मग खरंच अन्न अडकतं.

रात्री ब्रश मऊ केसांचा घ्या, टूथपेस्ट वाटाण्याएवढी. फ्लोराइड किती आहे ते डब्यावर वाचा, १००० ते १५०० पीपीएम हवं. ब्रश हिरडीकडे तिरका धरून दोन मिनिटं. समोरच्या दोन दातांसाठी तोच ब्रश उभा करा आणि त्याच्या टोकाच्या केसांनी फटीकडच्या दोन्ही कडा वर-खाली घासा. आडवा ब्रश त्या कडांपर्यंत पोचत नाही, म्हणून तिथे पिवळट रेघ राहते आणि फट आहे त्यापेक्षा मोठी वाटते. बाकीच्या दातांना फ्लॉस लागतोच. साधारण दोन विती लांब दोरा घ्या, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, आणि दाताला मिठी मारल्यासारखा वळवून हिरडीच्या किंचित आत नेऊन वर-खाली फिरवा. सरळ आपटून घातला तर हिरडी कापली जाते.

हात तोंडावर जातो ते लाजेपेक्षा सवयीने. सवयीला "जाऊ नको" म्हणून उपयोग होत नाही, त्या हाताला दुसरं काम द्या. वर्गात त्याच हातात खडू धरा, घरी पेला, फोटोत ओच्याचा काठ किंवा हार. रोज आरशासमोर दोन मिनिटं मोठ्याने वाचताना स्वतःचे दात बघा. सुरुवातीला नजर फटीवरच जाते. काही दिवसांनी ती डोळ्यांकडे जायला लागते, आणि समोरच्याची नजर तर पहिल्यापासून तिकडेच असते.

लग्नाच्या फोटोंसाठी दोन गोष्टी नक्की करा. पहिली, फोटोग्राफरला आगाऊ रकमेबरोबरच सांगा: "एडिटिंगमध्ये दात जोडायचे नाहीत, ओठांचा आकार बदलायचा नाही." आपल्याकडे अल्बम करताना चेहरा गोरा करणं, दात सरसकट पांढरे करणं हे न विचारता होतं आणि फट बुजवलेला चेहरा परक्याचा दिसतो. शक्यतो लिहून द्या. दुसरी, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित वर असू द्या. खालून काढलेल्या फोटोत तोंडातला अंधार जास्त दिसतो आणि फट काळी उमटते. प्रकाश समोरून असला की तीच फट सौम्य दिसते. गडद लिपस्टिक लावणार असाल तर ती दातांच्या कडांना लागते आणि फटीपाशी रेघ उठते. लावल्यावर ओठांत कागद दाबून जास्तीची काढून टाका.

आत्यांना उत्तर द्यायचं तर वाद घालू नका. "आत्या, डॉक्टरांना दाखवलं, दात चांगले आहेत. मला अशीच आवडते. पुढे वाटलं तर करता येईल," एवढं पुरे. शेवटचं वाक्य खरंही आहे: ठेवलेली फट कधीही बुजवता येते, बुजवण्यासाठी घासलेला दात मात्र परत येत नाही.

म्हणूनच 'पुढे वाटलं तर' काय-काय असतं हेही माहीत असू द्या. सगळ्यात कमी नुकसानीचा मार्ग म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, ज्याला कंपोझिट बाँडिंग म्हणतात. दात जवळजवळ न घासता दोन्ही कडांना थोडं-थोडं साहित्य चढवतात. एका बैठकीत होतं. याची मोठी सोय अशी की आधी चाचणी करून मागता येते. दाताला आम्ल किंवा चिकटद्रव न लावता नुसतं साहित्य ठेवायचं, आरशात पाहायचं, फोटो काढायचा, बोलून बघायचं, आणि अवजाराच्या टोकाने अलगद काढून टाकायचं. मनात शंका असेल तर ही चाचणी अवश्य करा. त्यानंतर "मला माझेच दात बरे" असं वाटलं तर काही गमावलेलं नसतं.

दीड मिलिमीटरची फट भरणाने चांगली जमते. त्याहून बरीच मोठी असेल तर दोन दात फळीसारखे रुंद दिसतात. वरचा मधला दात उंचीच्या साधारण तीन चतुर्थांश ते चार पंचमांश रुंद असला की डोळ्याला बरा वाटतो, भरणाने ते गणित मोडतं. भरण टिकतं साधारण पाच-सात वर्षं. चहा, हळद, काळ्या मसाल्याचा रस्सा यांनी त्यावर डाग चढतो, पहिले दोन दिवस तर विशेष. ऊस सोलणं, शेंगा फोडणं, दाताने दोरा तोडणं यांनी तुकडा उडतो. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी आणि भरण त्यानंतर दोन आठवड्यांनी, नाहीतर ते नीट चिकटत नाही. हळदीच्या आदल्या आठवड्यात नवं भरण करून घेऊ नका.

पोर्सेलिनचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर, यासाठी दाताचा वरचा थर घासावा लागतो. निरोगी दातावर निव्वळ लग्नाच्या फोटोसाठी हे करू नका. तारा किंवा पारदर्शक साच्यांनी दात सरकवता येतात. सहा महिने ते दोन वर्षं लागतात. मार्गशीर्षापर्यंत ते बसणार नाही, आणि या फटीला परत उघडायची फार ओढ असते, म्हणून नंतर दातांच्या मागच्या बाजूला बारीक तार कायमची ठेवावी लागते. "सहा महिन्यांत काम फत्ते" असं कुणी सांगितलं तर त्या मागच्या तारेबद्दल विचारा.

भाचीसाठी सध्या काहीच करू नका. सातव्या-आठव्या वर्षी येणारे वरचे मधले दोन दात फाकलेलेच येतात. त्यांच्या शेजारचे दात आठव्या-नवव्या वर्षी आणि सुळे अकराव्या-बाराव्या वर्षी उतरतात. वर दबा धरून बसलेले सुळे मुळांना रेटतात म्हणून शेंडे फाकतात, आणि सुळे खाली आले की दोन मिलिमीटरपर्यंतची फट बहुतेक वेळा आपणहून मिटते. ओठाची पट्टी आत्ताच कापून घ्या असं कुणी म्हणालं तर थांबा. सुळे येण्याआधी कापली तर तिथे जो व्रण होतो तोच पुढे दात जवळ येताना आडवा येतो. अंगठा चोखायची सवय असेल तर ती सोडवा, आणि "आत्यासारखी फट" म्हणून तिला चिडवू देऊ नका. एक मधला दात येऊन सहा महिने झाले तरी दुसरा आला नाही, दात वाकडा फिरून आला, फट तीन मिलिमीटरपेक्षा मोठी दिसली किंवा दहावं वर्ष उलटलं तरी शेजारचे दात दिसले नाहीत, तर एक छोटा एक्स-रे काढून घ्या. दोन दातांच्या मध्ये कधीकधी एक जादा दात हाडात अडकलेला असतो, आणि तो वेळेवर काढला तर पुढचा बराच खर्च वाचतो.